जंगम मालमत्ता

माझं एक स्पष्ट मत आहे, आणि ते मी आमच्या शाखेत, सकाळच्या लोकलमध्ये, मांडव्याच्या लाँचवर आणि दोन लग्नांच्या पंगतीत जाहीरपणे मांडलेलं आहे. ज्या वस्तूला स्वतःची चाकं नाहीत आणि जी चार माणसांना उचलत नाही, ती वस्तू मध्यमवर्गीय माणसानं केवळ स्वस्त मिळते म्हणून विकत घेऊ नये. म्हैस घ्यावी. ती निदान आपल्या पायांनी घरी येते. पण जहाजावरचा जुना कंटेनर घेऊ नये, आणि चुकून घेतलाच तर तो हलवायला जाऊ नये. यार्डात असेल तिथंच त्याला हळदकुंकू वाहून घरी परतावं.

आता तुम्ही म्हणाल, असले डबे घेतो कोण? अहो, तुम्हीसुद्धा घ्याल. अलिबागकडे ज्याची दोन गुंठे जागा आहे त्याच्या डोक्यात हा डबा आहे, आणि ज्याची नाही त्याच्या डोक्यात तर जागेच्या आधीच डबा आहे. मासिकांतून त्याचे फोटो येतात. निळ्या रंगाचा कंटेनर, त्याला काचेची खिडकी, खिडकीला पांढरा पडदा, बाहेर वेताची खुर्ची आणि खुर्चीत पाय वर घेऊन पुस्तक वाचणारी एक बाई. ती बाई डिसेंबरात बसलेली असते. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता त्या बाईचा फोटो काढून दाखवा, मी माझं मत मागं घेतो. आणि त्या फोटोत क्रेन कधीच नसते. डबा जणू रात्री आकाशातून अलगद उतरला आणि सकाळी बाई पुस्तक घेऊन बाहेर आली.

माझ्या डोक्यात हा डबा शिरला तो मात्र हौसेनं नव्हे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, मधूनच त्याहून जोराचा सपका. थळच्या आमच्या घराची समुद्राकडची कौलं त्या दुपारी पत्त्यांसारखी उडाली. आढं मोडलं, अर्धे वासे खाली आले, वाडीतले अकरा माड आणि मोजता येणार नाहीत इतक्या पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावून तिला सुपारी धरायची तर पाच-सहा वर्षं वाट बघावी लागते, माडाला त्याहूनही जास्त. माणसाच्या वयाला हे हिशेब सोसत नाहीत. घरात आई, दादा आणि वहिनी. मी डोंबिवलीत. टाळेबंदी होती, त्यामुळे फोनवरून जेवढं छप्पर शाकारता येतं तेवढं मी शाकारलं.

ते घर बाबांनी बांधलं होतं. बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीवरून उतरणाऱ्या गोणी, पेट्या, पिंपं मोजायची आणि वहीत रेघा ओढायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. त्या रेघांवर जांभ्याच्या चिऱ्यांचं घर उभं राहिलं. मी बँकेत लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे तूसुद्धा दुसऱ्याचंच मोजणार."

तर वादळानंतर अर्ध्या घरावर आधी ताडपत्री आणि मग पत्रे अशी तीन वर्षं गेली. दादाचं म्हणणं सरळ होतं. वासे घ्यायचे, मंगळुरी कौलं घ्यायची, सुतार बोलवायचा आणि छप्पर होतं तसं करायचं. त्यानं अंदाज काढला तो एक लाख सत्तर हजारांचा. तो आकडा ऐकल्यावर माझ्यातला बी.कॉम. (सेकंड क्लास) जागा झाला. आमच्या शाखेत कर्ज विभागात एक सहकारी आहेत. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा स्वस्त पर्याय माहीत असतो, फक्त तो त्यांनी स्वतः कधी वापरलेला नसतो. त्यांनी मला त्या पुस्तक वाचणाऱ्या बाईचा फोटो दाखवला. "लाखभर रुपयांत आख्खी खोली! अस्सल पोलाद! वादळाचा बाप आला तरी हलणार नाही. आणि नको झाली तर उचलून दुसरीकडे ठेवायची. जंगम मालमत्ता आहे!"

'जंगम' या शब्दानं माझा घात केला.

वास्तविक हा डबा कशासाठी जन्माला आला हे मला ठाऊक असायला हवं होतं. माल्कम मॅक्लीन नावाचा एक अमेरिकन ट्रकवाला. बोटीवर एकेक गोण चढवायला लागणारा वेळ बघून तो कंटाळला आणि त्यानं ठरवलं की गोणी चढवायच्याच नाहीत, गोणी भरलेला डबाच चढवायचा. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाची बोट ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाली. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत होते, ते डब्यामुळे १६ सेंटांवर आले असं सांगतात. जग जवळ आलं ते त्यामुळे. आणि बाबांसारख्यांच्या वहीतल्या रेघा संपल्या त्याही त्यामुळे. गोणी डब्याच्या पोटात गेल्यावर मोजायचं काय? डबा एक. एक उभी रेघ. २६ मे १९८९ ला उरण तालुक्यात न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतले डबे हळूहळू खाडीपलीकडे गेले. बाबा त्या बंदराला शेवटपर्यंत 'तिकडचे लोक' म्हणत.

तेव्हा लक्षात घ्या, १६ सेंटांची ही किमया डब्याची नव्हे. ती क्रेनची, बोटीची, ट्रेलरची आणि फरसबंद धक्क्याची. डबा या सगळ्या वऱ्हाडातला नुसता नवरदेव. वऱ्हाड काढून घेतलं की नवरदेव जागचा हलत नाही. हे तत्त्व मला २०२३ च्या फेब्रुवारीत, भर उन्हात, स्वखर्चानं समजलं.

खरेदीला आम्ही उरणकडच्या एका यार्डात गेलो. मी आणि कर्जवाले सहकारी. यार्डाचं नाव सांगत नाही, कारण अजून माझी त्यांच्याकडे एक पावती अडकली आहे. तिथं डब्यांचे सात-सात मजले उभे होते. दोन वर्षांपूर्वी, करोनाच्या धामधुमीत, साऱ्या जगात डब्यांची टंचाई होती. हवे तिथं डबे नव्हते आणि नको तिथं रिकामे पडले होते. आता भाव उतरले होते. विक्रेता म्हणाला, "साहेब, योग्य वेळी आलात." मला आयुष्यात प्रत्येक विक्रेत्यानं हेच सांगितलेलं आहे.

जुन्या डब्यांच्या जाती असतात. एक 'कार्गो वर्दी', म्हणजे पुन्हा बोटीवर चढण्याच्या लायकीचा. दुसरा वारा-पाणी आत येऊ न देणारा. आणि तिसरा 'जसा आहे तसा'. तिसऱ्या जातीबद्दल विक्रेते फार प्रामाणिक असतात, ते काहीच बोलत नाहीत. डबा तपासायचा असेल तर आत शिरून दारं लावून घ्यावीत आणि अंधारात उभं राहावं. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पावसाळा येणार. मी आत शिरलो. सहकाऱ्यांनी दारं लावली. ठिपके दिसले नाहीत, पण दोन मिनिटांत माझा सदरा अंगाला चिकटला. त्याच वेळी मला अक्कल यायला हवी होती. तिच्याऐवजी आला घाम. मग खाली वाकून तळाचे आडवे लोखंडी पाट बघावेत, कारण गंज तिथून चढतो. दारांचं रबर चेपून बघावं. लाकडी तळाचा वास घ्यावा. ते प्लायवुड कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं, आणि वर बारा-पंधरा वर्षांत काय काय सांडलेलं असतं ते परमेश्वर आणि कप्तान यांनाच ठाऊक. आमच्या डब्याला हिंगासारखा वास येत होता. विक्रेता म्हणाला, "मसाल्याचा डबा आहे, साहेब. लक्ष्मी आहे."

इथं मी एकच गोष्ट अभिमानानं सांगतो. प्रत्येक डब्याला नंबर असतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सातवा आकडा. हा सातवा आकडा पडताळणीचा. अक्षरांना ठरावीक किमती असतात. पहिल्याला एकानं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, मग चार, आठ, सोळा अशी दुप्पट करत जायचं. सगळ्यांची बेरीज करून तिला अकरानं भागायचं, आणि बाकी उरेल तो सातवा आकडा. मी यार्डात उकिडवा बसून, पाकिटाच्या पाठीवर हे गणित केलं. डब्यावरचा नंबर जुळला. विक्रेत्यानं दाखवलेल्या कागदावरचा जुळेना. कागद दुसऱ्याच डब्याचा निघाला! आणि हा कागद साधा नसतो बरं का. परदेशी डबे आपल्याकडे येतात ते सहा महिन्यांत परत पाठवायच्या बोलीवर, जकात न भरता. इथंच विकायचे तर जकात भरावी लागते, आणि ती भरल्याचा कागद नसलेला डबा म्हणजे परदेशातून पाहुणा म्हणून आलेला आणि परत न गेलेला जावई. तासाभरानं योग्य कागद निघाला. सहकारी म्हणाले, "मानलं तुम्हाला!" या कौतुकाच्या भरात मी एक लाख पंधरा हजारांना होकार देऊन बसलो.

घासारा नावाचं प्रकरण कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असतं. त्यात मला बासष्ट मार्क होते. बोटवाली कंपनी म्हणजे पैचा हिशेब ठेवणारी. ती बारा-पंधरा वर्षांनी डबा विकते ती काय आमच्या आईवर उपकार म्हणून? यापुढं याच्यावर खर्च करणं परवडत नाही असं तिच्या खातेवहीनं सांगितलं म्हणून विकते. तिच्या वहीतला शेवटचा रकाना आम्ही आमच्या वहीचा पहिला रकाना करतो आणि वर त्याला काटकसर म्हणतो.

पैशांसाठी मी आमच्याच शाखेत अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "वाहनकर्ज? आरसी बुक?" नाही. "मग गृहकर्ज. घरपट्टीची पावती? मंजूर नकाशा?" तेही नाही. साहेबांनी चष्मा काढला. "नजरगहाण ठेवायचं म्हटलं तर ते जंगम हवं, गहाणखत करायचं म्हटलं तर स्थावर हवं. तुमचं नक्की काय आहे?" मी म्हटलं, "साहेब, अजून आणलेला नाही. आणल्यावर कळेल." शेवटी मुदत ठेव मोडली. सौ.नं त्या ठेवीकडे पाहून काही ठरवलेलं होतं. काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रोज ठाऊक होतं आहे.

आता न्हावाशेवा ते थळ. नकाशात पट्टी ठेवून बघा, अंतर वीतभरसुद्धा नाही. मधे करंज्याची खाडी. त्या खाडीवर रेवस-करंजा पूल होणार हे बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आम्ही ऐकत आलो. मी तेव्हा पाळण्यात होतो. माझ्या डब्याच्या वेळेपर्यंत तो काही झाला नव्हता, तेव्हा डबा निघाला वळसा घालून. पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग आणि मग थळ. सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्याला मी दोष देत नाही. वडखळच्या नाक्यावर तो दोन तास अडकला, पण वडखळला सगळेच अडकतात. तो प्रवास नव्हे, तो संस्कार आहे.

खरा समर प्रसंग शेवटच्या एकशेवीस मीटरांत. हमरस्त्यापासून आमच्या वाडीपर्यंत जी आळी जाते ती दोन्ही बाजूंनी गडग्यांनी बांधलेली. मी आधी येऊन टेपनं मापं घेतली होती. सगळ्यांत अरुंद जागा नऊ फूट दोन इंच. डब्याची रुंदी आठ फूट. नऊमधून आठ जातात, एक फूट दोन इंच शिल्लक राहते. हे गणित मी फोनवरून दादाला दोनदा समजावून सांगितलं होतं. पण आळीला मधे एक वळण आहे, आणि वीस फुटी डबा ज्या ट्रेलरवर येतो त्याला पुढं तोंड असतं. ते सगळं धूड मिळून चाळीस फुटांच्या घरात जातं. कॉमर्सच्या माणसाला रुंदी कळते, वळण कळत नाही. ड्रायव्हर खाली उतरला, आळीत दहा पावलं चालत गेला, परत आला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "साब, ये नहीं घुसेगा."

"घुसेल," मी म्हणालो. मराठीत.

त्यापुढचे साडेसहा तास मी विस्तारानं सांगणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाची बोट सहा दिवस आडवी अडकली होती आणि साऱ्या जगाचा व्यापार खोळंबला होता. त्या कप्तानाला तेव्हा मी हसलो होतो. थळच्या आळीत आमचा ट्रेलर आडवा झाला तेव्हा मागं मासळीचा टेम्पो, त्याच्या मागं शाळेची रिक्षा आणि रिक्षाच्या मागं एक वरात, अशी जागतिक कोंडी झाली. कोळीवाड्यातल्या एक आजी टोपली उतरवून ठेवत म्हणाल्या, "यो डबा कशाला आनला रं? घर काय बुडालं व्हतं का तुमचं?" मी त्यांना पोलादाचे फायदे सांगू लागलो. त्यांनी टोपली उचलली आणि त्या माझ्या अंगाला अंग घासून पलीकडे गेल्या. आळीतून तेवढंच जात होतं.

शेजाऱ्यांचा गडगा उतरवला. विजेची तार बांबूनं वर धरायची तर वायरमनची वाट बघितली. ट्रेलर कसाबसा मागं काढला आणि हायड्रा बोलावला. हायड्रा म्हणजे तोंडापुढं सोंड असलेली ती पिवळी क्रेन. ती डबा दोरखंडांनी टांगून, हत्तीनं ओंडका न्यावा तशी चालत नेते. अडीच टनांहून कमीच होता डबा, हायड्राला ते वजन काहीच नव्हे. डबा हवेत उचलला गेला तेव्हा बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा फूट गेल्यावर वळणावरचा माड आडवा आला. तो निसर्गमध्ये वाकला, पण पडला नव्हता. शेजारचे काका माडाला पाठ लावून उभे राहिले. "वादळानं ठेवला तो मी तोडू देणार नाही." यावर काय बोलणार? हायड्रावाल्यानं बाजूनं जायचा प्रयत्न केला, आणि पुळणीच्या भुसभुशीत जमिनीत त्याचं पुढचं चाक बसलं. आता हायड्रा काढायला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आला तो वरातीतलाच.

संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा समोर समुद्रात खांदेरी दिसत होती. १६७९ साली त्या बेटावर शिवाजी महाराजांचा किल्ला उभा राहिला. मुंबईकर इंग्रजांनी गलबतं आणून अडवलं, तरी मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी लहान होड्यांतून, रात्रीबेरात्री, समोरच्या किनाऱ्यावरून सामान नेऊन भिंती चढवल्या. गेल्याच वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोनंही त्याची दखल घेतली. साडेतीनशे वर्षांपूर्वी आख्खा किल्ला समुद्र ओलांडून गेला, आणि मला वीस फुटांचा एक डबा सपाट जमिनीवरून एकशेवीस मीटर नेता येईना. फरक कळला तो असा, की त्यांनी किल्ला सुटा-सुटा नेला. एकेक दगड, एकेक माणसाच्या हातून. घरसुद्धा तसंच न्यायचं असतं. चिरा डोक्यावर येतो, वासा खांद्यावर येतो, कौलं हातोहात येतात. आळी कितीही अरुंद असो, घर तिच्यातून जातंच. डबा आधीच घर होऊन येतो, म्हणून दारातच अडतो.

डबा शेवटी आळीच्या तोंडाशी, आतेभावाच्या खळ्यात, 'दोन दिवसांकरता' ठेवला. तो तिथंच आहे.

आमची कल्पना अशी होती की आईनं तूर्त डब्यात राहावं, मग मागचं छप्पर सावकाश करू. आईला खळ्यात नेलं. तिनं दारातून आत पाहिलं. "तुझ्या बाबांनी जन्मभर असल्यांतला माल मोजला," ती म्हणाली. "मला कितवा नंबर घालणार?" आणि पाठ फिरवून चालू लागली. वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या आमच्या पंख्यालासुद्धा नावं ठेवतात." पण पंख्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डब्याची आतली उंची आठ फुटांना दोन इंच कमी. तापतो म्हणून आतून फळ्या ठोका, की आणखी कमी. पंखा लावला की त्याखाली माणसानं वाकून फिरायचं. खिडक्या पाडाव्यात तर डब्याचा सगळा जोर चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि भिंतींच्या त्या वळ्यांत असतो. भिंत कापली की बाजूनं लोखंडी चौकट घाला, म्हणजे वेल्डर आला. बोटीवर याच्या डोक्यावर भरलेले डबे रचतात ते कोपऱ्यांवर. मधलं छप्पर दोन मिलिमीटरचा पत्रा. आमच्या पुतण्यानं त्यावर चढून पतंग काढला, तर तिथं खळगा पडला आणि आता पावसाचं तळं साचतं.

'पोलाद आहे, गंजणार नाही' असं सांगणाऱ्यांनी एक पावसाळा थळला काढावा. हे खास जातीचं पोलाद असतं. वरचा गंजच त्याला आतून सांभाळतो, पण त्याला मधूनमधून कोरडं व्हायला मिळावं लागतं. खाऱ्या वाऱ्यात, चार महिन्यांच्या पावसात ते कोरडं कधी होणार? आणि थंड रात्री डब्याला आतून घाम फुटतो, पागोळ्या छपराच्या आत गळतात. राहिलं वादळ. रिकामा डबा जोराच्या वाऱ्यात जागचा सरकू शकतो, म्हणून त्याला चारी कोपऱ्यांना काँक्रीटमध्ये जखडावं लागतं. म्हणजे ज्या गुणासाठी घेतला, तो वेगळे पैसे भरून विकत घ्यायचा.

आणि जखडला की पुढचा प्रश्न. एका कार्यालयात मी विचारायला गेलो. बाबूंनी विचारलं, "बांधकाम आहे का?" मी म्हटलं, नाही, वस्तू आहे. "मग परवानगी कशाला मागता?" मी उठलो. "थांबा. आत माणूस राहणार? मग बांधकाम. किनाऱ्यापासून किती अंतर?" मी सांगितलं. त्यांनी एक जाड फाईल काढली. "हलवता येतो म्हणताय ना? मग हलवून दाखवा, म्हणजे वस्तू धरतो." मी गप्प बसलो. आमच्या साहेबांनी चष्मा काढला होता, यांनी घातला. एवढाच फरक.

हिशेब मांडतो, कारण 'स्वस्त' हा शब्द आकड्यांपुढं टिकत नाही. डबा एक लाख पंधरा हजार. यार्डात चढवणावळ तीन हजार. ट्रेलर चोवीस हजार. हायड्रा आठ हजार. दोघांचा खोळंबा साडेसहा हजार. शेजाऱ्यांचा गडगा पुन्हा रचून देणं अकरा हजार. खाली काँक्रीटचे ठोकळे आणि जखडबंदी चौदा हजार. गंज घासून रंग साडेसोळा हजार. चहा, शहाळी आणि वरातवाल्यांना ट्रॅक्टरचं डिझेल मिळून बाराशे साठ. एकूण एक लाख नव्व्याण्णव हजार दोनशे साठ. अजून खिडकी नाही, पंखा नाही, आत माणूस नाही. दादाचा अंदाज एक लाख सत्तर हजारांचा होता, हे मी वर सांगितलंच आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. घरी ते दररोज सांगितलं जातं.

'पण पर्यावरण?' असं विचारणारा एक वर्ग आहे. म्हणे जुना डबा घर झाला की भंगार वाचतं. अहो, पोलाद भंगारात गेलं की वितळून पुन्हा पोलादच होतं, त्याची काळजी तुम्ही कशाला करता? काळजी सुताराची करा. वादळानंतर आमच्याकडच्या गवंड्या-सुतारांना हात राहिला नाही इतकं काम होतं, आणि पैसा गावातल्या गावात फिरला असता. मी माझा पैसा ट्रेलरवर घालून उरणला पाठवला. शहरात बसून गावच्या मोडलेल्या घरावर उपाय शोधणाऱ्यांचा हा रोग आहे. आम्हाला एका फोनवर, एका रकमेत, एका दिवसात सुटका हवी असते. छप्पर म्हणजे तीन महिने सुट्ट्या टाकून जाणं, वासे निवडणं, सुताराशी वाद घालणं, दादाबरोबर उन्हात उभं राहणं. डब्याची किंमत एक लाख पंधरा हजार नव्हती. त्या तीन महिन्यांतून मला पळायचं होतं, त्याची ती किंमत होती.

दादानं छप्पर केलं. २०२४ च्या फेब्रुवारीत, कर्ज काढून, मला न सांगता. कौलं चढली तेव्हा मी दोन दिवस गेलो होतो. ओळीत उभं राहून कौलं हातोहात द्यायची असतात. माझ्या एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला माडवाले काका. आई ओटीवर बसून मोजत होती.

डब्यात सध्या आतेभावाची जाळी आणि सुकटीची पोती आहेत. हिंगाचा वास गेला. आणि गेल्या महिन्यात किहीमहून एका गृहस्थांचा फोन आला. मुंबईचे आहेत, किहीमला जागा घेतली आहे, कुणाकडून तरी डब्याचं कळलं. मी सभ्य माणूस आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. वळण, माड, हायड्रा, घाम, गंज, दोन मिलिमीटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे हो. पण स्वस्तात देणार ना?"

रविवारी येणार आहेत. पोती हलवली आहेत, दादानं दाराच्या कड्यांना तेल घातलं आहे, आणि हे पुस्तक त्याआधी त्यांच्या हाती पडू नये एवढीच वाचकांना विनंती आहे. उचलून न्यायचं त्यांचं ते बघतील. मी फक्त आळीची रुंदी सांगेन.